बुंध्याशी मोहरी

१२ जुलै २०२४, शुक्रवार, सकाळी ६ वाजून १० मिनिटे

गोडलिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, झाडे मोजत होतो. दहा ओळी, ओळीत एकतीस, म्हणजे तीनशे दहा. दोनदा मोजली, दोन्ही वेळा तेवढीच आली. पण आज एक गोष्ट नवी आहे. सात झाडे पिवळी दिसतात आणि त्यांची पाने खाली लोंबली आहेत. दुपारी उन्हाने तसे होते. पण ही सकाळ आहे आणि माती ओली आहे.

ही वही मी फक्त बागेसाठी ठेवतो. दहावी अर्ध्यावर सुटली, म्हणून शुद्ध लिहिण्याची काळजी जास्त घेतो. चुकले तर एका रेघेने खोडतो, गिरवत नाही. खालचे वाचता आले पाहिजे.

मावला गावाजवळ आमचे दोन एकर वावर आहे. त्यातले दहा गुंठे मी दोन वर्षांपूर्वी बाबांकडे मागितले. बाबा म्हणाले, "फोडनीचा पाला लावून कोनी मोठं झालं काय? एक डाव पाहू. नाही जमलं त उपटून कापूस." यंदा दिवाळीनंतर पहिला मोठा तोडा निघेल. आदिलाबादच्या बाजारात रोज दोनशे जुड्या गेल्या तरी कापसाला मागे टाकतो. हिशोब मागच्या पानावर आहे.

जूनमध्ये प्रत्येक झाडाला दोन टोपली शेणखत दिले. बुंध्याला वीतभर उंच चढवून हाताने दाबले आणि वरून सोयाबीनचे कुटार, म्हणजे भुसा, पसरले. तीनशे दहा ढीग, सगळे एका मापाचे. रस्त्याने जाणारी माणसे थांबून बघतात. एकटी रेणुकाकाकू धुऱ्यावरून बोलली, "कच्चं हाय रे ते खत. वाफा निंगून राह्यल्या त्यातून. बुडाले काऊन दाबतं?" काकूचे वावर आमच्या लागून आहे, मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध. काका भैंशा गावी कापसाच्या जिनिंगवर चौकीदार आहेत, म्हणून शेत तीच बघते. तिने गोडलिंब कधी लावलेला नाही. मी ऐकून घेतले.

१९ जुलै, शुक्रवार

पिवळी एकोणीस. पूर्ण वाळलेली चार.

एक फांदी घेऊन सुरेंद्र सेठच्या औषध-दुकानात गेलो. सेठने चष्मा कपाळावरून खाली न घेताच सांगितले, "करपा." मी म्हणालो, करप्याला पानावर ठिपके येतात, याला एकही ठिपका नाही. सेठ म्हणाले, "डॉक्टर तू है या मैं?" दुकानातली गिऱ्हाइके हसली. मीही हसलो आणि औषध घेऊन आलो. ६४० रुपये. बाबांनी दिले.

२५ जुलै, गुरुवार

पिवळी चौतीस. वाळलेली अकरा. दोन फवारण्या झाल्या, फरक नाही.

वहीच्या मधल्या जोडपानावर बागेचा नकाशा काढला. चांगल्या झाडाला मोकळा गोल, पिवळ्याला अर्धा काळा, मेलेल्याला पूर्ण काळा. नकाशा फार सुरेख झाला आहे. असे स्वतः लिहू नये, पण झाला आहे.

नकाशात एक गोष्ट लगेच दिसते. पहिली ओळ, काकूच्या धुऱ्याकडची, सगळी मोकळ्या गोलांची आहे. एकतीसच्या एकतीस. त्याच ओळीत माझे ढीग विस्कटलेले असतात, कारण काकूच्या कोंबड्या धुरा ओलांडून येतात आणि बुंध्याजवळचे खत उकरतात. मी दोनदा सारखे करून दाबले. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. बुंध्यापासून चार बोटे गोल, चारी बाजूंनी सारखे. कोंबड्या एवढ्या मापात उकरतात हे मला माहीत नव्हते. आता त्या ओळीचा नाद सोडला.

२९ जुलै, सोमवार

माय भल्या पहाटे शेण काढायला निघाली तेव्हा तिला रेणुकाकाकू आमच्या बागेत दिसली. झाडाच्या बुडाशी वाकून बसली होती. मायला पाहून उठली, पदर झटकला आणि धुरा चढून गेली.

"काय करत होती?" मी विचारले.

"ते तूच पाय," माय म्हणाली. "मले त काई चांगलं वाटलं नाही."

मी जाऊन पाहिले. कोंबड्यांनी उकरलेले होते, तेवढेच.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आजचे सगळे नीट लिहितो.

चौथ्या ओळीतले सतरावे झाड उपटायला हात लावला तर जोर न लावताच हातात आले. बुंधा मातीला लागतो तिथे कुजला होता. साल ओल्या कागदासारखी सुटली. आणि बुंध्याभोवती, खतात आणि सालीवर, मोहरी पडलेली होती. वेचून हातावर घेतली. त्रेसष्ट दाणे.

माय मागेच उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला. "करनी हाय," म्हणाली. "तरी म्हनलं, हिरवीगार झाडं अशी उभ्यानं काऊन मरून राह्यली!"

मी बाकीच्या मेलेल्या झाडांपाशी माती बाजूला केली. एकूण तेवीस. तेवीसही झाडांशी मोहरी. पहिल्या ओळीत एक दाणा नाही. मायला वाचता येत नाही, पण तिने माझ्या नकाशावर बरोबर पहिल्या ओळीवर बोट ठेवले. "पाय. आपल्या वावराले आच लागू नये म्हून तिच्याकडची ओळ तेवढी जिती ठेवली."

खरे लिहितो, आज मीही तेच मानले. नकाशा मीच काढला होता आणि तो खोटे बोलत नव्हता.

३ ऑगस्ट, शनिवार

माय सकाळीच धुऱ्यावर गेली. मी आणि बाबा मागे.

"रेणुका, मोहरी काऊन टाकली?"

"कोनती मोहरी, बाई?"

"माया पोराच्या झाडाच्या बुडाले. त्याचं बरं पाह्यवत नाही तुले?"

"माया डब्यात फोडनीले मोहरी नाही, अन् मी तुमच्या तीनशे झाडाले टाकू? काई त हिशोब करा."

बाबांना हसू आले. मायने त्यांच्याकडे असे पाहिले की ते खोकायला लागले.

"मंग सोमवारी भल्या पहाटे बागेत काय करत होती?"

काकूने आधी बाबांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. का ते कळले नाही. नंतर म्हणाली, "कोंबडी धुंडत होती."

"कोंबडी खुराड्यात असते त्या वक्ताले! आता पुढच्या शनिवारी मारोतीसमोर बेलभंडारा उचल. मंग मानीन."

"उचलीन," काकू म्हणाली आणि निंदायला बसली.

बेल आणि भंडारा हातात घेऊन खोटे बोलण्याची हिंमत आमच्याकडे कोणी करत नाही, म्हणून उचलला की भांडण मिटते. पण नाव मिटत नाही. आमच्याच गल्लीत आशाबाईने मागे उचलला होता. खरी ठरली. तरी आठ वर्षे झाली, लग्नात नवरीला हळद लावायला तिला कोणी बोलावत नाही. मी लहान होतो तेव्हा मला गोवर आला होता. मायही आजारी होती. तेव्हा काकूने मला नऊ दिवस सांभाळले होते. हे आज आठवले. बागेच्या वहीत याची जागा नाही, पण लिहिले.

४ ऑगस्ट, रविवार

झोप नीट नाही. तीन गोष्टी बसत नाहीत.

एक. तेवीस झाडे आणि प्रत्येकी साठ दाणे धरले तरी तेराशेच्या वर दाणे होतात. ढीग न मोडता ते खताच्या आतपर्यंत कसे गेले?

दोन. स्वयंपाकघरातून मोहरी आणून शेजारी ठेवली. आपली मोहरी काळपट, लहानमोठी. बुंध्याजवळची तांबूस आणि जवळजवळ सगळी सारखी गोल. पण त्यातच काही दाणे पिवळसर आहेत आणि काही पांढरे, मऊ. मोहरी झाडाखाली पडून पिकत नाही. हे दाणे कच्चे-पक्के दिसतात. म्हणजे तिथेच होत असतील काय?

तीन. बुंध्यावर सुतासारखी पांढरी जाळी आहे. आधीही दिसली होती. मी ती कोळ्याची समजून पुसली होती.

मायला विचारले, तू बागेची दृष्ट काढलीस काय? म्हणाली, काढली, दोनदा. मीठ-मोहरी कुठे टाकली? "चुलीत. आनखी कुठी टाकतेत? काऊन, आता मायवरच खटला भरतं?"

५ ऑगस्ट, सोमवार, सकाळी ७

दोन स्टीलची झाकणे घेतली. दोन्हींत ओले फडके, त्यावर चिमूटभर माती आणि भाताची थोडी पेज. पहिल्यात स्वयंपाकघरातली मोहरी, वीस दाणे. दुसऱ्यात बुंध्याजवळचे, वीस दाणे. वर काचेचे पेले पालथे घातले. चिठ्ठ्या लावून गोठ्यात ठेवले.

मोहरी असेल तर उगवेल. एवढे तर मला समजते.

बाबा वाकून बघत म्हणाले, "हे काय? दोघींचा सयपाक येगळा?"

७ ऑगस्ट, बुधवार

पहिल्या झाकणात अकरा अंकुर. दुसऱ्यात काही नाही. आज मेलेली झाडे चौतीस.

८ ऑगस्ट, गुरुवार, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे

पहिल्यात एकोणीस अंकुर, हिरवी पाने फुटली.

दुसऱ्यात एकही अंकुर नाही. पण दाण्यांभोवती पांढरे सूत फुटले आहे. पंख्यासारखे पसरत पेल्याच्या कडेपर्यंत गेले आहे. तेच बुंध्यावरचे जाळे! मी कोळ्याचे समजून पुसलेले!

ते दाणे मोहरी नाहीत. मोठ्याने बोललो. गोठ्यात फक्त बैल होते, त्यांनी ऐकले.

उद्या शेतकी केंद्रात जायचे. पण उद्या नागपंचमी, आणि नागपंचमीला आमच्याकडे कोणी मातीत लोखंड घालत नाही. म्हणून आजच सहाव्या ओळीतले एक पिवळे झाड मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट काढून ओल्या पोत्यात बांधून ठेवले.

९ ऑगस्ट, शुक्रवार

केंद्रात रोगांचे काम तेजस्विनी मॅडम बघतात. त्यांना तेलुगू आणि हिंदी येते, मला हिंदी बरी येते. पोते, दोन झाकणे, नकाशा, सगळे टेबलावर मांडले. वाटले, सुरेंद्र सेठसारख्या हसतील.

त्या हसल्या नाहीत. भिंगातून बराच वेळ बघितले. मग विचारले, "ये दोनों ढक्कन किसने लगाए?"

मी म्हणालो, मैंने.

"पढ़ाई?"

"दसवीं, आधी."

"बाकी आधी भी कर लो," म्हणाल्या. ही एक बुरशी आहे. जमिनीत राहते, बुंधा मातीला लागतो तिथे शिरते आणि मग हे दाणे करते. दाणे जमिनीत कित्येक वर्षे पडून राहतात. ओल आणि ऊब मिळाली की फुटतात. भुईमूग, हरभरा, मिरची, कशालाही लागते. नाव मी तीनदा विचारून, एकेक अक्षर जुळवून लिहून घेतले: स्क्लेरोशियम रोल्फसाय.

मग त्यांनी विचारले, "तने के पास कच्ची खाद दबाई थी क्या?"

मी हो म्हणालो. एवढा छोटा शब्द म्हणायला मला एवढा वेळ कधी लागला नव्हता. किती ढीग, किती उंच, तेही सांगितले. वीतभर. तीनशे दहा.

नकाशावरची पहिली ओळ त्यांनी विचारली. कोंबड्यांनी उकरले, मी म्हणालो. "होशियार मुर्गियाँ हैं," मॅडम म्हणाल्या. उपाय एका कागदावर लिहून दिला.

वाटेत ऑटोत दोनदा आनंद झाला आणि दोनदा रडू आले. रोग मी ओळखला आणि आणलाही मीच.

१० ऑगस्ट, शनिवार

मारोतीच्या देवळात आम्ही पोचलो तेव्हा काकू आधीच आली होती. नहाण करून, ओल्या केसांनी. बेल आणि भंडाऱ्याची वाटी तिने स्वतःच्या घरून आणली होती. दहाबारा माणसे जमली होती.

मी म्हणालो, "माय, आधी हे पाय." झाकणे पायरीवर ठेवली.

सगळे वाकले. मायने अंकुर पाहिले, मग पांढरे सूत पाहिले. मग बुंध्याजवळचा एक दाणा उचलून दोन बोटांत चिरडला, हुंगला आणि जिभेला लावला. मी अडवेपर्यंत थुंकली. तीस वर्षे फोडणी देणाऱ्या बाईपुढे कोणाचे काय चालणार?

"मोहरी नोहे हे," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली.

मी बुरशीचे नाव सांगितले. पूर्ण, न अडखळता.

"मंग आनली कोनं हे बुरशी?" मायने विचारले.

बाबा समोर उभे होते. कापसाचे बी घरात होते. मी म्हणालो, "मी. खत कच्चं होतं, अन् मी ते बुडाले दाबलं. काकूनं सांगतलं होतं, मी ऐकलं नाही."

मायने काकूच्या हातातली वाटी घेतली. मला वाटले, तरी उचलायला लावते की काय. मायने त्यातला भंडारा चिमटीत घेतला आणि काकूच्या कपाळाला लावला. मग परत घेतला, परत लावला. काकू म्हणाली, "बस करा बाई, खंडोबा करता काय माया?" तेव्हा माय रडली.

घरी येताना बाबा अर्धा रस्ता पुढे पुढे चालत होते. मग म्हणाले, "राह्यलेली वाचतेत काय?"

"वाचतेत. बुंधे मोकळे करा लागतेत, आजच्या आज."

"मंग चाल ना, मोजत काय बसतं?" थोडे पुढे गेल्यावर म्हणाले, "काय नाव म्हनलं त्याचं? परत सांग."

१४ ऑगस्ट, बुधवार

सगळ्या झाडांचे बुंधे उघडे केले. मेलेली झाडे भोवतालच्या मातीसकट काढून पत्र्याच्या पिंपात जाळली. कुजलेल्या खतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला खाणारी बुरशी, कालवून दिली, बुंध्यापासून हातभर लांब. बाबा, माय आणि काकू, तिघेही आले होते. माय आणि काकू एकाच ओळीत बसून दिवसभर बोलत होत्या. माझी निंदा होती, ऐकू येत होती.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज मॅडमनी वीस शेतकरी आमच्या बागेत आणले. वांकिडीहूनही तिघे आले होते. मॅडमनी सांगितले, आता तुम्हाला रोग दाखवेल तो ज्याने ओळखला, आणि मला पुढे केले.

झाकणे दाखवली, नकाशा दाखवला. वांकिडीच्या पांडुरंगराव पाटलांनी नकाशाचा फोटो काढला. कोणीतरी विचारले, ही पहिली ओळ कशी वाचली? मी म्हणालो, "काकूच्या कोंबड्यांमुळे. आपल्याला जे कळले नाही ते कोंबड्यांना कळले." सगळे हसले. धुऱ्यावर काकू उभी होती, तीही पदर तोंडाला लावून हसली.

बाबा चहा वाटताना प्रत्येकाला बुरशीचे नाव सांगत होते. थोडे चुकत होते. मी दुरुस्त केले नाही.

तीन दिवसांत नवीन पिवळे झाड नाही.

२ सप्टेंबर, सोमवार, पोळा, सकाळी ९

काल-परवा फार पाऊस झाला. कढीसाठी पाला तोडायला पहिल्या ओळीत गेलो. बाराव्या झाडापाशी कुटार वाहून गेले होते आणि खाली एक खुरपी पडलेली दिसली. मुठीला हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. हे लुगडे मला माहीत आहे.

तिथेच बसून राहिलो. चार बोटे, चारी बाजूंनी सारखे. दोनदा मी दाबले आणि दोनदा ते परत निघाले.

काकू बैलाच्या शिंगांना रंग लावत होती. खुरपी पुढे केली.

"कुठी भेटली?"

"पहिल्या ओळीत, बाराव्या झाडाखाली."

"झाडाचा नंबरबी पाठ हाय तुले!"

"काकू, कोंबड्या खुरपी घेऊन येत होत्या काय?"

तिने ब्रश खाली ठेवला. "मंग मलेच कोंबडी समज ना."

"एकदा तरी सांगाचं होतं."

"सांगतलं होतं. ऐकलं काय तू? परत बोलली असती त तुया बाबाच्या कानावर गेलं असतं का खत पोरानंच चुकवलं. त्याच दिवशी त्यायनं कापूस लावला असता. म्हनलं माया हाताले पुरन तेवढं मोकळं करू. एक ओळ पुरली."

"अन् बेलभंडारा?"

"उचलला असता. त्याले काय लागते? खरंच त होतं." मग बैलाकडे वळून म्हणाली, "पर नकाशा झकास काढला हो तू. पाटलानं फोटो काढला तवा मी सगळ्यायले सांगतलं, आमचा पुतन्या हाय तो."

घरी येऊन वही उघडली. २५ जुलै, २९ जुलै, ९ ऑगस्ट आणि २२ ऑगस्ट या पानांवर 'कोंबड्या' हा शब्द जिथे जिथे आहे तिथे एका रेघेने खोडला आणि वर 'रेणुकाकाकू' लिहिले. खालचे वाचता येते. मग केंद्रात जायला ऑटोचे भाडे काढून ठेवले. मॅडमना आणि पांडुरंगरावांना हे कळवायचे आहे. उद्या जातो.

आजची मोजणी: एकूण ३१०, मेलेली ५८, जिवंत २५२. पहिली ओळ ३१ पैकी ३१. नवीन पिवळे, चौदा दिवसांत, शून्य. बाबांनी सकाळी विचारले, पुढच्या वर्षी आणखी दहा गुंठे घेतो काय.

खर्च:
फवारणीचे औषध (उपयोग नाही) – ६४०
ट्रायकोडर्मा, पाच किलो – ७५०
ऑटो, उद्याचे धरून – ८०
दुसरी वही – ३०
एकूण – १५०० रुपये

देणे:
बाबांचे – १५०० रुपये, दिवाळीनंतर
मायचे – दोन झाकणे (ती आता स्वयंपाकात घेत नाही, नवीन आणायची)
रेणुकाकाकूचे – पहिल्या ओळीचा पहिला तोडा, एकतीस झाडांचा. ती नको म्हणाली. तरी देणे आहे.